माहेर ते सासर या वाटेवर नवमातेची नोंद हरवते : सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा;
तसेच सातारा व कराड येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकारशास्त्र आणि जनऔषध वैद्यकशास्त्र विभागांचे प्रमुख

विषय : नवमाता व नवपिता यांच्या मानसिक आरोग्याचा जिल्ह्यात शास्त्रशुद्ध अभ्यास हाती घेण्याबाबत

महोदय / महोदया,

मी या जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरीस लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा काळ पाटण आणि माण या दोन तालुक्यांत गेला. एका तालुक्यात पावसाळ्यात ओढे ओलांडून वस्तीवर जावे लागे, तर दुसऱ्यात टँकर येण्याच्या वेळी कोणतीही बाई घरी सापडत नसे. प्रसूतीनंतरच्या वर्षभरात आईचे आणि बापाचे मन कसे असते, याचा जिल्हा परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने नीट अभ्यास करावा, एवढीच माझी मागणी आहे. मात्र हा अभ्यास कसा व्हावा याविषयी माझी काही ठाम मते आहेत, आणि ती बंद लिफाफ्यात पाठवण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावीत असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

या विषयावर देशात काहीच काम झालेले नाही, असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २० हजार मातांची माहिती होती आणि प्रसूतीपश्चात नैराश्याचे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारण पाच मातांमागे एक, असे निघाले. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी अनेक जणींना येणारे रडू, जे आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते, ते यात धरलेले नाही. हजारी एक-दोन मातांना होणारा, पहिल्या दोन आठवड्यांतच बहुधा उफाळणारा आणि तातडीच्या उपचारांची गरज असलेला तीव्र मनोविकारही वेगळा. आपल्याकडे बाईला बाहेरचे लागले किंवा वारे डोक्यात गेले असे म्हणून तिला देवऋषाकडे नेतात, ते बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात. तो दिसतो तरी. मधला प्रकार, म्हणजे हे नैराश्य, दिसत नाही, कारण त्यातली बाई उठते, भाकरी थापते, बाळाला पाजते आणि कोणी विचारले तर अंग दुखते, डोके जड असते, दूध पुरत नाही एवढेच सांगते.

आपल्या व्यवस्थेतही हा मधला प्रकार कसा निसटतो, ते एका गृहभेटीवरून सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी द्यायच्या असतात. अशाच एका भेटीत पर्यवेक्षणासाठी मी सोबत गेले होते. दुसरे बाळंतपण होते, दुसरी मुलगी. आशाताईंनी झोळीच्या काट्याला बाळ अडकवून वजन घेतले, काखेत तापमापी धरली, श्वास मोजले, सगळे नीटनेटके. आई भिंतीला टेकून, पदर डोक्यावरून कानाभोवती घट्ट घेऊन बसली होती. प्रश्न तिला विचारले जात होते आणि उत्तरे सासूबाई देत होत्या. जेवण? दोन वेळा व्यवस्थित. झोप? बाळंतिणीला कुठली झोप. गृहभेटीच्या अर्जात आईच्या मनाजवळून जाणारा एकच प्रश्न आहे आणि तोही झटक्यांना जोडून आलेला : आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘न्हाई बाई, ती बोलतच न्हाई मुळी.’’ आशाताईंनी ‘नाही’ या रकान्यात खूण केली. अर्जाच्या हिशेबाने ते बरोबरच होते.

त्या आशाताईंना मी दोष देत नाही. हा प्रश्न प्रसूतीनंतरचा झटक्यांचा आजार आणि तीव्र मनोविकार ओळखण्यासाठी घातलेला आहे, आणि त्या कामापुरता तो योग्यच आहे. पण गप्प झालेल्या बाईसाठी त्या अर्जात जागा नाही.

यापेक्षा मोठी अडचण मात्र अर्जाच्या बाहेर आहे, आणि तिच्याकडे शासनाचे किंवा संशोधकांचे फारसे लक्ष गेल्याचे मला दिसलेले नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणाची नोंद बहुधा सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, तिथल्या आशाताई प्रसूतीनंतरच्या सहा भेटी पूर्ण करतात आणि ४२ व्या दिवशी त्यांचे काम संपते. लहान बालकांसाठीच्या गृहभेटींची पुढची योजना तिसऱ्या महिन्यापासून सुरू होते. म्हणजे ४२ दिवस ते तीन महिने या काळात घरी कोणीच जात नाही. नेमक्या याच काळात, बारसे आटोपून, बाळाला टोपडे-झबल्यांसह घेऊन मुलगी सासरी परत येते. सव्वा महिन्याचा शेक, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आईच्या हातचे तेल लावणे हे सगळे तिथेच मागे राहते. सासरी दुसऱ्या दिवसापासून धुणे-भांडी, जनावरे, भांगलण आणि रात्री दोनदा उठणारे बाळ. माहेरच्या आशाताईंच्या दृष्टीने तिचे काम संपलेले असते, सासरच्या आशाताईंच्या वहीत ती अजून परत आलेली नसते. प्रसूतीपश्चात नैराश्याची विचारणा जगभरातील बहुतेक अभ्यासांत सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास केली जाते, आणि आपली व्यवस्था त्याच आठवड्यांत डोळे मिटून असते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की अभ्यास गाव धरून न करता बाई धरून करावा. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील सर्व नवमातांना एका आठवड्यात गाठून प्रश्नावली भरून घेतली, तर माहेरी आलेल्या मुली सासरच्या आकड्यात येणार नाहीत आणि सासरी गेलेल्या माहेरच्या आकड्यात येणार नाहीत. एकदाच केलेल्या विचारणेतून टक्केवारी निघते, पण मन कधी ढासळले आणि कशाने सावरले ते कळत नाही. गरोदरपणात नाव नोंदवावे, आणि मग ती खटाव तालुक्यातून कोरेगावात जावो की साताऱ्यातून सांगलीत, तिच्यामागे वर्षभर जावे. जिल्ह्याबाहेर माहेर असलेल्या मुलींसाठी सांगली, सोलापूर, पुणे आणि कोल्हापूर या जिल्हा परिषदांशी लेखी समन्वय करावा लागेल. काम कटकटीचे आहे, हे मी जाणते.

या मागे जाण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. बाळ दीड महिन्याचे, अडीच महिन्यांचे आणि साडेतीन महिन्यांचे झाले, की लसीकरणासाठी आणले जातेच, आणि नंतर नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी पुन्हा. हीच ती मधली रिकामी मुदत आहे. लस टोचल्यावर आपण आईला अर्धा तास थांबायला सांगतो. तो अर्धा तास आज अंगणवाडीच्या ओसरीवर नुसता जातो. बाळ आजीच्या मांडीवर, आणि आई आतल्या खोलीत आरोग्य सेविकेसमोर एकटी, असे त्या अर्ध्या तासात सहज घडवून आणता येते. घरी हे जमत नाही. दोन खोल्यांच्या घरात सासूला बाहेर जायला सांगणाऱ्या सेविकेचा पुढच्या भेटीला चहादेखील बंद होतो, आणि बाईला मागून ऐकावे लागते ते वेगळेच.

विचारायचे काय, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत १० प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि सगळे गेल्या सात दिवसांविषयी. तिच्यात भूक, थकवा, वजन यांविषयी विचारलेले नाही, कारण बाळंतिणीत ते तसेही बदललेले असते. हसू येते का, उगाच घाबरायला होते का, इतके वाईट वाटते का की झोप लागत नाही, अशा धाटणीचे प्रश्न आहेत, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तिची मराठी आवृत्ती आपल्या भागात बायकांना वाचून दाखवून पारखून घ्यावी लागेल, कारण ती मुळात स्वतः वाचून भरण्यासाठी बनवलेली आहे. किती गुणांच्या वर धोका मानायचा हेही इथेच ठरवावे लागेल. वेगवेगळ्या देशांत आणि भाषांत ही मर्यादा वेगवेगळी निघालेली आहे. त्यासाठी काही बायकांची मनोविकारतज्ज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करून दोन्ही निष्कर्ष ताडून पाहावे लागतात, आणि इथे महाविद्यालयांचे काम सुरू होते. हा टप्पा वगळून थेट मोबाइल ॲपवर गुण भरण्यास सांगितले, तर आकडे भराभर जमतील आणि त्यांचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही. ॲपचा एवढा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

विचारणेत घरची परिस्थितीही यायला हवी. गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे त्यात दिसले. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झालेली असणे, विशेषतः आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगी होणे, यांच्याशी त्या नैराश्याचा संबंध होता. सातारा जिल्ह्याला हे वाचून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये याच जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली होती. देशभर बातम्या आल्या आणि त्या योग्यच होत्या. नावे बदलली ती मुलींची. त्यांना नकुशी म्हणून हाक मारणाऱ्या घरात, दुसऱ्या-तिसऱ्या मुलीनंतर त्यांच्या आयांचे काय झाले होते, हे त्या वेळी कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांतल्या ज्या मुली तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या, त्या आज स्वतः बाळंतपणाच्या वयात आहेत. प्रस्तावित अभ्यासात त्या आपोआप येतील.

याच गोव्यातील मातांचा पुढील अभ्यास सांगतो, की आईचे नैराश्य आणि सहाव्या महिन्यातील बाळाचे कमी वजन यांचा संबंध आहे. हा मुद्दा मी मुद्दाम एका वाक्यात संपवते. कुपोषणाच्या आढावा बैठकीत तो उपयोगी पडेल आणि निधीही मिळवून देईल, पण बाळाचे वजन वाढावे म्हणूनच आईचे मन जपायचे, अशी भूमिका मला मान्य नाही. ती बाई बाळंत झाली नसती तरी तिचे मन महत्त्वाचेच होते.

आता बापांविषयी. हा विषय काढला की बैठकीत हसू येते, याची मला कल्पना आहे. २०१० मध्ये एका अमेरिकी वैद्यक नियतकालिकात आलेल्या आढाव्यात ४३ अभ्यास एकत्र केले होते. गरोदरपणापासून बाळ वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के बापांना नैराश्य असते, बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना ते सर्वाधिक असते आणि आईच्या नैराश्याशी त्याचा संबंध असतो, असे त्यात निघाले. ब्रिटनमधील २००५ च्या एका अभ्यासात, बाळ आठ आठवड्यांचे असताना नैराश्य असलेल्या बापांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या तक्रारी अधिक आढळल्या, आणि आईचे नैराश्य हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला. हे आकडे परदेशातले आहेत, घरात राहणाऱ्या बापांचे. आपला बाप कुठे असतो? अपशिंग्यासारख्या गावांत तो सीमेवर असतो आणि बाळाचा चेहरा आधी फोनवर बघतो. पाटण-जावळीच्या कितीतरी घरांत तो नवी मुंबईच्या बाजारात माथाडी काम करतो आणि सणाला किंवा यात्रेला येतो. शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत तो कंत्राटावर पाळ्या करतो आणि बाळंतपणासाठी सुट्टी मागितली तर पुढचा महिना कामावर ठेवतील की नाही या काळजीत असतो. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल, तर उसनवारी त्याच्याच नावावर असते. अशा बापाला घरभेटीत गाठता येणार नाही. त्याचा फोन नंबर मात्र पत्नीच्या कार्डावर असतो, तेव्हा त्याची विचारणा फोनवरून, रात्री जेवणानंतरच्या वेळेत आणि शक्यतो पुरुष आरोग्य सेवकाकडून व्हावी, असे मी सुचवते.

यापुढचा मुद्दा अटीच्या स्वरूपात मांडते, कारण तो पाळला जाणार नसेल तर अभ्यास न झालेला बरा. उपचारांची सोय आधी, प्रश्न नंतर. दहाव्या प्रश्नाला एखादीने होकार दिला, तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, तिला कोण आणि कशाने नेणार, जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी कोण तज्ज्ञ भेटणार, हे कागदावर ठरल्याशिवाय एकाही मातेला तो प्रश्न विचारू नये. बाईने मन मोकळे करावे आणि आपण तिला ‘पुढच्या महिन्यात शिबिर आहे’ असे सांगावे, यासारखी दुसरी क्रूर गोष्ट नाही. तीव्र मनोविकार झालेल्या मातेला दाखल करावे लागले, तर तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात तसा कक्ष लगेच उभा राहणार नाही, पण एक स्वतंत्र खोली, एक पाळणा आणि सोबतच्या आजीसाठी एक खाट यांची व्यवस्था अभ्यास सुरू होण्याआधी व्हायला हवी.

सर्वच मातांना गोळ्या किंवा तज्ज्ञ लागत नाहीत. पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन, घरभेटीतच मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद करण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली लॅन्सेट नियतकालिकात आले. त्यात ९०३ माता होत्या. सहा महिन्यांनी, हा संवाद झालेल्यांपैकी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य उरले होते, आणि नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केली. गोव्यात हेच काम गावातल्या साध्या बायकांकडून करून पाहिले गेले तेव्हा परिणाम रावळपिंडीइतका ठळक नव्हता, हेही सांगायला हवे. म्हणूनच आपल्याकडे ते किती लागू पडते, कोणी केल्यास लागू पडते आणि सासूला सोबत बसवून की वगळून, हे तपासण्याजोगे आहे. माझा अंदाज सोबत बसवून, असा आहे, पण अंदाजाला संशोधन म्हणत नाहीत.

मृत्यूंविषयी थोडक्यात. गरोदरपणातील आणि प्रसूतीनंतरच्या आत्महत्या या थेट मातामृत्यूच समजाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. आपले मातामृत्यू अन्वेषण ४२ व्या दिवशी थांबते, आणि त्यानंतर विहिरीत पाय घसरून गेलेली बाई पोलिसांच्या कागदात अपघात म्हणून जाते. वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने असे मृत्यू निदान स्वतःच्या वहीत तरी नीट नोंदवावेत.

जिल्हा पातळीवर असे काम जमेल का, अशी शंका कोणी काढेल. प्रसूतीनंतरच्या ज्या गृहभेटींविषयी मी वर लिहिले, त्यांचा उगम महाराष्ट्रातल्याच गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेटमधून दाखवले, आणि पुढे तो देशाचा कार्यक्रम झाला. गडचिरोलीला जे जमले त्यासाठी साताऱ्याकडे रस्ते, महाविद्यालये आणि मनुष्यबळ तरी जास्तच आहे. आशाताईंनी मनाविषयी विचारणे हेही राज्याला नवीन नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात त्यांनी ते केलेले आहे. फक्त त्यांना हे काम फुकटात सांगू नका. आजही सहा भेटींच्या पूर्ण फेरीचे त्यांना २५० रुपये मिळतात. प्रत्येक नव्या अभियानाची पिशवी त्यांच्याच खांद्याला अडकवण्याची आपल्या खात्याची सवय जुनी आहे. या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात त्यांचा मोबदला प्रत्येक विचारणेमागे धरावा, तो प्रवासखर्चाच्या आधी लिहावा, आणि माहेरच्या आशाताईंनी सासरच्या आशाताईंना फोन करून बाई सोपवली, तर त्या फोनचेही पैसे धरावेत.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे हा विषय येत्या अंदाजपत्रकापूर्वी ठेवावा आणि महाविद्यालयांनी आपल्या नैतिकता समित्यांची मान्यता घेण्याचे काम त्याच वेळी सुरू करावे, अशी विनंती आहे. अभ्यास मंजूर होऊन सुरू व्हायला वेळ लागेल. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक, जो ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि ज्यावर मराठीत बोलता येते, त्याचा शिक्का माता व बाल संरक्षण कार्डाच्या लसीकरणाच्या पानावर उमटवण्याचे आदेश उपकेंद्रांना द्यावेत. शिक्के तालुक्याच्या गावी बनतात आणि तो खर्च उपकेंद्राच्या अबंधित निधीतून भागेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
सातारा